लायब्ररीची दिवाळी अंक योजना घ्यावी का? घ्या, पण दसऱ्यालाच नाव घाला

दिवाळी जवळ आली की बिल्डिंगमध्ये आणि ऑफिसात मला हमखास कोणीतरी विचारतं की यंदा कुठला दिवाळी अंक घेऊ, आणि मी दरवर्षी तेच सांगते की विकत घेऊच नका. म्हणजे एखादा घ्या, जो तुमचा वर्षानुवर्षांचा लाडका असेल तो, बाकीच्यांसाठी सरळ घराजवळच्या लायब्ररीत जाऊन दिवाळी अंक योजनेत नाव घालून या. यंदाही योजना घेतली, आता सीझन संपत आलाय, तर जे काय बरंवाईट वाटलं ते लिहिते. लायब्ररीचं नाव सांगत नाही कारण थोडी उणीदुणी पण काढणारे आणि मला तिथे पुढच्या वर्षी परत जायचंय. डोंबिवलीतली आहे एवढं पुरे, इथे लायब्रऱ्या काही कमी नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, योजना म्हणजे दिवाळीच्या आधी एकदाच वर्गणी भरायची, वर थोडं डिपॉझिट, आणि मग फेब्रुवारी-मार्चपर्यंत एक अंक न्यायचा, वाचायचा, परत करायचा, दुसरा न्यायचा. बरा जाडजूड अंक आता तीनशे-चारशेच्या खाली येत नाही आणि वर्गणी असते साधारण दोन अंकांच्या किमतीएवढी, त्यामुळे हिशोब करायला कॅल्क्युलेटर लागत नाही. पैसे वसूल होतात, नो डाऊट.

आता प्रॉब्लेम. पहिले तीन आठवडे काउंटरवर रोज हाच डायलॉग चालतो.
"काका, हंस आला का?"
"आलाय की. बाहेर आहे."
"मौज?"
"बाहेर."
"आवाज तरी?"
"ताई, आवाज काय आता संक्रांतीपर्यंत बघू नका."
मग आत काय उरतं तर राशिभविष्य आणि पाककृती. मागणी असलेल्या अंकांच्या दोनच कॉप्या घ्यायच्या आणि वर्गणीदार मात्र येईल तेवढे घ्यायचे, हे काही बरोबर नाही, निदान नंबर लावायची एक वही तरी ठेवा की. मी बोलून दाखवलं तर म्हणाले सूचना चांगली आहे. म्हणजे झालं!

पण एक सांगू का, याच रडगाण्यातून योजनेतली खरी मजा सापडली. हवा तो अंक मिळाला नाही की जो आहे तो उचलायला लागतो, आणि जो आहे तो तुम्ही स्वतःच्या पैशाने जन्मात घेतला नसता. यंदा काकांनी असाच एक अंक हातात कोंबला, "नाव नका बघू, घेऊन जा." कव्हरवर दागिने घातलेली नेहमीची बाई, पहिली वीस पानं नुसत्या शुभेच्छांच्या जाहिराती, नगरसेवक, पतपेढी, साखर कारखाना, परत नगरसेवक. आणि मधेच एक दीर्घकथा, बाजार समितीत कांद्याच्या लिलावाला दिवसभर बोली ओरडणाऱ्या माणसाची, जो घरी गेला की तोंडातून अक्षर काढत नाही आणि बायको शेवटी एकदा त्याचा आवाज ऐकायला म्हणून बाजारात जाऊन लांब उभी राहते. लेखकाचं नाव मी आधी कधीच ऐकलं नव्हतं. ठाण्याला उतरायचं ते कळलंच नाही, घाटकोपरला भानावर आले.

दीर्घकथेवरून आठवलं, हा प्रकार आपल्याकडे टिकलाय तो दिवाळी अंकांमुळेच असं माझं ठाम मत आहे. पन्नास-साठ पानांची गोष्ट, पेपरच्या पुरवणीत मावणार नाही आणि तेवढ्याचं वेगळं पुस्तक कोण काढणार, मग ती जाणार कुठे? भारत सासण्यांची मी जी मोठी फॅन झाले (उदगीरच्या 2022 च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, तेच) ती अशाच अंकांतून त्यांच्या दीर्घकथा वाचून. अनिल अवचटांचे रिपोर्ताज, म्हणजे प्रत्यक्ष जाऊन, बघून लिहिलेले लेख, तेसुद्धा कितीतरी आधी अंकांतून आले आणि मग त्यांची पुस्तकं झाली. आमच्या घरी वडील पुस्तक येईपर्यंत थांबायचेच नाहीत, अवचटांचं नाव अनुक्रमणिकेत दिसलं की अंक त्यांचा, बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं.

जीए कुलकर्णींच्या कथा मात्र दिवाळीत वाचू नयेत. लोक चिडतील पण मला असंच वाटतं. बाहेर कंदील, ताटात चकली, आणि हातात ती सगळी कोसळणारी माणसं, नको. जीएंना जुलै लागतो, धो धो पाऊस आणि लाईट गेलेले. दिवाळीला मला भुताखेतांचं, गूढ असं काहीतरी लागतं, त्यासाठी धनंजय हा अंक. भयकथांमध्ये नारायण धारप की रत्नाकर मतकरी या वादात मी कायम मतकरींच्या बाजूने, कारण धारपांचं भूत कुठल्यातरी लांबच्या वाड्यात असतं, मतकरींचं तुमच्याच सोसायटीच्या जिन्यात भेटतं. विज्ञानकथांचं मला फारसं नव्हतं, पण नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवताना स्वतःची आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं आणि बक्षीस मिळवलं, हा किस्सा वाचल्यापासून अंकात विज्ञानकथा दिसली की आता पान उलटत नाही. काय सांगावं, कोणीतरी जगताप असायचा.

अंकांची अवस्था. लायब्ररीचे अंक आले की आधी सुतळीने शिवतात, जाड पुठ्ठा लावतात आणि ठरलेल्या पानांवर शिक्का मारतात, आणि तो शिक्का नेमका कवितेवरच बसतो. शिवण एवढी आत घेतलेली असते की डाव्या पानावरचे शेवटचे शब्द वाचायला अंक दोन्ही हातांनी ताणून धरावा लागतो, लोकलमध्ये उभ्याने हे करून बघा एकदा. फराळाचे डाग ठीक आहेत, ते चालायचंच, चिवड्याचा तेलकट ठिपका बघून मला उलट बरंच वाटतं की कोणीतरी आपल्यासारखंच लोळत वाचलंय. पण शब्दकोडं पेनाने सोडवणारे लोक, आणि तेही चुकीचं, यांची वर्गणी जप्त करायला पाहिजे. आवाजच्या खिडक्यांचं तर बोलूच नका. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते, पानाला कापून खिडकी केलेली असते, वर एक चित्र दिसतं, मनात भलतंच येतं, आणि खिडकी उघडली की खाली साळसूद काहीतरी निघतं. आवाज सुरू करणाऱ्या मधुकर पाटकरांच्या काळापासून हे चाललंय आणि अजून लोक त्यालाच हात घालतात. माझ्या हातात अंक आला तेव्हा निम्म्या खिडक्या फाटून गेलेल्या, नुसतीच भोकं.

एक सभासद मात्र माझा आवडता आहे. कोण ते माहीत नाही. तो किंवा ती पेन्सिलने सगळ्या अंकांतलं शुद्धलेखन तपासून ठेवते. बारीक, नेटकं अक्षर, ऱ्हस्वाचा दीर्घ, दीर्घाचा ऱ्हस्व, 'आणी' दिसलं की त्यावर गोल. एका बऱ्याच गाजलेल्या लेखकाच्या कथेखाली फक्त "बरं मग?" एवढंच लिहिलं होतं. मी ती कथा वाचली, अगदी बरोबर रिव्ह्यू आहे.

जाहिरातींवर लोक फार चिडतात, की निम्मा अंक जाहिरातींचाच असतो. असू दे हो. त्याच्यावरच तर लेखकाला मानधन आणि आपल्याला अंक मिळतो. काशिनाथ रघुनाथ आजगावकरांनी, म्हणजे बंगालीच्या प्रेमापोटी 'मित्र' आडनाव लावणारे का. र. मित्र, 1909 मध्ये मनोरंजन मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही गाडी चालू आहे आणि प्रत्येक पिढीत कोणीतरी म्हणतंच की आता दिवाळी अंक संपले. पीडीएफ फुकट फिरवणारे खरे संपवतील, त्या मला पाठवू नका प्लीज.

कव्हरं मात्र पडली आहेत. एकेकाळी दीनानाथ दलालांचं कव्हर म्हणून लोक दीपावली हा अंक घेत, शि. द. फडणीसांचं चित्र बघून स्टॉलपाशी थांबून हसत. आता रॅकसमोर उभं राहिलं की सगळीकडे तीच नथ, तीच पैठणी, आणि कुठला अंक कुठला ते नाव वाचल्याशिवाय कळत नाही.

लेट फीबद्दलही सांगून ठेवते. चार दिवसांत अंक परत करायचा असा नियम आहे, वर गेलात की रोजचे पैसे. नोकरी करणाऱ्या माणसाने तीनशे पानं चार दिवसांत कशी संपवायची ते नियम करणाऱ्यांनी करून दाखवावं. मी काकांना फोन करून वाढवून घेते, डिसेंबर सरला की ते ऐकतात, गर्दी ओसरलेली असते. तसं बघायला गेलं तर जानेवारीतच योजनेचा खरा उपयोग होतो, मोठे अंक रॅकवर नुसते पडलेले असतात आणि कोणी विचारत नाही.

तर घ्यायची असेल तर दसऱ्याच्या आसपास जा, पावती नीट जपून ठेवा कारण डिपॉझिट परत देताना ती मागतातच, पहिल्या आठवड्यात आवाज पळवा, आणि बाकीचं काकांवर सोडा. मोठ्या पिशवीतून न्या, पर्समध्ये मावत नाही. आणि यंदाच्यासाठी आत्ताच कोणी आमच्या लायब्ररीत जाणार असेल तर हंस काल संध्याकाळी मी परत केलाय, शब्दकोडं कोरं आहे.