नवीन कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकावं का? मी टाकलं, दोन महिन्यांनंतरचा अनुभव

नवीन मशीन घरी आलं की कधी एकदा सगळे फोटो, फाइल्स, सॉफ्टवेअर त्यावर टाकतोय असं होतं, मलापण झालं होतं. पण माझं असेंबल केलेलं मशीन, आणि करून देणाऱ्याने त्यावर विंडोज १० टाकून दिलेलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. वाढीव सिक्युरिटी अपडेट्स घेऊन अजून एक वर्ष निघतं खरं, पण नव्याकोऱ्या मशीनवर ते कशाला करायचं?

दादाचं म्हणणं वेगळं. "चालतंय ना नीट, मग कशाला हात लावतेस?" त्याच्या मशीनवर पाच-सहा वर्षांचं काम आहे, अकाउंटिंग आहे, दोन प्रिंटर आहेत, तिथे त्याचं बरोबरच आहे. पण रिकाम्या मशीनवर हाच सल्ला उलटा होतो असं माझं ठाम मत आहे. आज त्यात काहीच नाहीये, बिघडलं तर सरळ पुसून परत टाकता येतं, सहा महिन्यांनी तेच करायला गेलात तर आधी दोन दिवस बॅकअप घेण्यात जातील आणि जीव टांगणीला लागेल तो वेगळाच.

तर ठरलं, अपग्रेड करायचं. अपडेटचं पान उघडलं तर तिथे लिहिलेलं की हा पीसी विंडोज ११ साठी लागणाऱ्या किमान गोष्टी पूर्ण करत नाही. आठवड्यापूर्वी घेतलेलं मशीन! खरं सांगते, पोटात गोळाच आला, वाटलं फसवलं आपल्याला. मग पीसी हेल्थ चेक नावाचं मायक्रोसॉफ्टचं छोटं ॲप टाकून बघितलं, ते नेमकं काय कमी आहे ते सांगतं. प्रोसेसर ओके, रॅम ओके (४ जीबी पुरते, माझ्याकडे १६ आहे), डिस्क ओके (६४ जीबी लागते), फक्त टीपीएम २.० (पासवर्ड, किल्ल्या जपणारी सुरक्षेची चिप) समोर लाल फुली. आणि ती चिप मशीनमध्ये नव्हती असं नाही, प्रोसेसरमध्येच होती, फक्त बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडतात त्या मशीनच्या मूळ सेटिंग्ज) बंद होती. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी नावाने असतं, एएमडीवर एफटीपीएम, म्हणून टीपीएम शोधत बसलात तर सापडत नाही, मी पंधरा मिनिटं शोधत होते. चालू केलं, सेव्ह केलं, रीस्टार्ट, परत हेल्थ चेक, सगळं हिरवं. त्यामुळे नवीन मशीनला "पात्र नाही" असा मेसेज आला तर आधी बायोस बघा, मग दुकानदाराशी भांडा.

एक मात्र, मशीनवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर बायोसला हात लावायच्या आधी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, बदलानंतर मशीन ती मागू शकतं आणि ती नसेल तर डिस्क उघडत नाही. कागदावर म्हणतेय, त्याच मशीनवरच्या फाइलमध्ये नाही.

अपग्रेड फुकट आहे, ओरिजिनल विंडोज १० असेल तर. माझं सगळं मिळून दीडेक तासात झालं, मधे दोन-तीनदा आपोआप रीस्टार्ट होतं आणि एका आकड्यावर बराच वेळ अडकल्यासारखं वाटतं, तेव्हा घाबरून पॉवर बटण दाबू नका, तेवढं पाळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला वाटतं लोक वाचतच नाहीत. अपग्रेडनंतर १० दिवस परत मागे जाता येतं, सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, तिथे गो बॅक आहे. जुनं विंडोज सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं, बरेच जीबी खातं, म्हणून जागा करायला ते उडवलंत तर परतीचा रस्ता बंद. आणि मागे गेलात तर तुमच्या फाइल्स राहतात पण अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअर्स जातात, ती परत टाकावी लागतात. म्हणूनच मी दहा दिवस काही मोठं टाकलंच नाही, फक्त घरातलं एकेक यंत्र आणून जोडून बघत होते. प्रिंटर चालला. वेबकॅम, हेडफोन चालले. स्कॅनर अडला.

स्कॅनर दहा-बारा वर्षं जुना, कंपनीने त्याचा ड्रायव्हर (विंडोजला तो चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) कधीच नवीन केलेला नाही, मी जुन्या सीडीवरचाच टाकला. तो चाललाही, पण विंडोज सिक्युरिटीमध्ये कोअर आयसोलेशन म्हणून भाग आहे, त्यातलं मेमरी इंटिग्रिटी (घातक प्रोग्रामना विंडोजच्या गाभ्यात घुसू न देणारी सोय) चालू करायला गेले तर ते चालूच होईना, खाली विसंगत ड्रायव्हरची यादी दाखवली आणि त्यात एकच फाइल, शेवटी डॉट एसवायएस, ह्या स्कॅनरचीच. म्हणजे एक तर स्कॅनर नाहीतर ती सुरक्षा. मी ड्रायव्हर काढून टाकला, स्कॅनर जुन्या कॉम्प्युटरला लावून ठेवलाय, त्याला नेट नाही, स्कॅन पेनड्राइव्हने इकडे आणते. कंपनीचा राग येतो, कारण यंत्र अजून ठणठणीत आहे.

रोजच्या वापराचं सांगायचं तर मला आवडलं. खिडकीच्या मॅक्सिमाइझ बटणावर माउस नेला की मांडणीचे पर्याय येतात, डावीकडे पीडीएफ आणि उजवीकडे टायपिंग असं माझं दिवसभर चालतं, त्यासाठी हे एकच फीचर पुरे. फाइल एक्सप्लोररला टॅब आलेत. मराठी फोनेटिक कीबोर्ड होता तसाच आला, तो विंडोज १० मध्येच २०१९ पासून आहे. न आवडलेलं म्हणजे राइट क्लिकचा मेनू, नेहमीचे अर्धे पर्याय एका क्लिकच्या मागे गेलेत, शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना मेनू सरळ येतो, हे कळेपर्यंत मी वैतागले होते. स्टार्ट बटण मधे आहे ते सेटिंग्जमधून डावीकडे नेता येतं, पण टास्कबार उभा करून बाजूला लावायची सोय माझ्या व्हर्जनमध्ये नाही, ज्यांना ती सवय आहे त्यांना हे खटकणार.

पाचपैकी चार देईन. मशीन नवीन असेल तर थांबू नका, पण सामान भरायच्या आधी करा. माझे दहा दिवस झाले, विंडोज डॉट ओल्ड आपोआप गेलं, आणि मग अकराव्या दिवशी जुनी हार्ड डिस्क जोडून आईबाबांच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो सगळ्यात आधी कॉपी केले.