शिमानामी की किबी? सायकलसाठी एकच दिवस असेल तर

जपानमध्ये ओकायामाच्या आसपास मुक्काम आहे आणि सायकलसाठी एकच दिवस काढलाय, तर दोन रस्ते आहेत. शिमानामी काइदोचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. किबीच्या सपाट मैदानी प्रदेशाकडे आपली मंडळी सहसा फिरकत नाहीत.

शिमानामी म्हणजे ओनोमिची ते इमाबारी, साधारण ७० किलोमीटर, सहा बेटं आणि मधे समुद्रावरचे पूल. कडेच्या निळ्या रेघेमागे जात राहायचं, नकाशा खिशातच राहतो. पुलावर चढायच्या वाटा लांब वळसे देऊन सौम्य केल्यात, चढ जेमतेम तीन टक्के. पण तोच चढ प्रत्येक पुलाला, आणि चौथ्या बेटावर मांड्या बोलायला लागतात. पहिल्या खेपेला मी ७० पुरे करायच्या नादात जेवायची वेळ घालवली. खानावळी गाठेपर्यंत दारावरचे कापडी पडदे आत गेले होते, म्हणजे बंद.

म्हणून माझं ऐका, ७०चा हट्ट सोडा. तीसेक किलोमीटरवर इकुचीजिमा बेटावर सेतोदा गाव आहे. तिथवर जा, सायकलसकट बोटीने ओनोमिचीला परत या. वाटेत इन्नोशिमावर हस्साकू दाइफुकू खायचाच. हस्साकू हे तिथलंच आंबट-कडसर फळ. भाताच्या मऊ चिकट पारीत पुरणाच्या जातीचं पांढऱ्या घेवड्याचं सारण, आणि त्यात फळाची अख्खी फोड. दात लागला की आधी गोड, मग एकदम रस फुटतो. सेतोदाची लिंबं सालीसकट खातात, आइस्क्रीमपासून केकपर्यंत सगळ्यात लिंबू. दम उरलाच तर थोडं पुढे तातारा पूल. त्याच्या मनोऱ्याखाली टाळी वाजवली की आवाज थरथरत वर चढत जातो. पोरं तिथून हलत नाहीत.

किबी अगदी वेगळं. ओकायामाहून छोट्या आगगाडीने बिझेन-इचिनोमिया, स्टेशनसमोरून भाड्याची सायकल, आणि १७ किलोमीटरवर सोजाला ती परत. जवळजवळ सपाट, भातखाचरांमधून. किबित्सू देवळाची लाकडी पडवी साडेतीनशे मीटरहून लांब, जमिनीच्या उताराबरोबर वाकत गेलेली. पुढे त्सुकुरियामा हे ३५० मीटर लांबीचं थडगं, दिसायला झाडीची टेकडी. एवढी मोठी प्राचीन थडगी बहुधा कुंपणाआड असतात, इथे माथ्यावर चढता येतं. मग शेतांच्या मधोमध बित्चू कोकुबुन्जी या बौद्ध मंदिराचा पाचमजली पॅगोडा. आजी-आजोबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर मी डोळे मिटून किबी म्हणेन.

खाण्यात मात्र किबी मार खातं. वाटेत दुकानं तुरळक. जपानी लोककथेतल्या मोमोतारो या पोराने कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी यांना ज्यांवर फितवलं ते किबीदांगो, म्हणजे छोटे मऊ गोड गोळे, हीच खासियत, पण त्यांनी पोट भरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर पांढरे पीच मिळतील, तेवढ्यासाठी उन्हाचा त्रास मी सोसेन.

शाकाहारी असाल तर हिशोब उलटा होतो. ओनोमिचीचं रामेन, म्हणजे रश्शातल्या नूडल्स, डुकराच्या चरबीचे तुकडे तरंगणारं, आणि साध्या भाजीच्या रश्शातही सुक्या माशाचं पाणी असतं. शिमानामीवर तुमच्या वाट्याला गोडधोडच येईल. किबीला तसाही डबा न्यावाच लागतो. दशम्या-चटणी बांधून घ्या, पॅगोड्याजवळ बसून खा. फक्त सोजाचं सायकलचं दुकान किती वाजता बंद होतं ते सकाळीच विचारून ठेवा.