लीजची गाडी, समोरच्याची चूक आणि ‘क्लेम करून देणारा’ माणूस

२०२३ च्या पावसाळ्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना पुढची वाहतूक खोळंबली म्हणून मी थांबलो होतो, तेव्हा मागून आलेल्या मालवाहू टेम्पोने माझ्या गाडीला धडक दिली. कोणालाही दुखापत झाली नाही आणि टेम्पोचालकाने तिथल्या तिथे चूक कबूल केली. गाडी मात्र माझ्या नावावर नव्हती. नोकरीच्या ठिकाणाहून ती मला लीजवर मिळाली होती, म्हणजे आरसीवर आणि विमा पॉलिसीवर लीज कंपनीचे नाव, वापर माझा आणि भाडे दरमहा माझ्या पगारातून वळते होणारे. पुढची सगळी फसवणूक या त्रांगड्याच्या आधाराने झाली, म्हणून ती सविस्तर लिहीत आहे.

त्या उतारावर अपघात झाला की पोलिसांच्या आधी बघे जमतात आणि बघ्यांच्या आधी क्रेनवाला हजर होतो. क्रेनबरोबर एक नीटनेटका, मृदू बोलणारा गृहस्थ आला. “साहेब, चूक तुमची नाही, मग तुमच्या पॉलिसीला हात कशाला लावायचा? उगाच नो क्लेम बोनस जाईल. टेम्पोच्या थर्ड पार्टीतून सगळे कॅशलेस करून देतो, तुम्ही फक्त सह्या करा,” असे त्याने सांगितले. गाडी धायरीच्या एका गॅरेजात गेली. तेथे क्लेम फॉर्म, काम समाधानकारक झाल्याचे पत्र आणि टेम्पोमालकाशी समजुतीचा लेख असा गठ्ठा सहीसाठी पुढे आला. विम्याच्या कामासाठी लीज कंपनीने मला दिलेल्या अधिकारपत्राची प्रतही त्याने मागून घेतली. फॉर्मवर गाडीचा क्रमांक तेवढा भरलेला होता. अपघाताच्या वर्णनाची जागा ‘सर्व्हेअर आल्यावर लिहू’ या सबबीवर कोरी होती.

त्याच्या बोलण्यातले प्रत्येक वाक्य कानाला पटणारे होते, पण ‘चूक तुमची नाही’ हे सोडले तर त्यातले एकही खरे नव्हते. नो क्लेम बोनस म्हणजे क्लेम न घेता गेलेल्या वर्षांबद्दल नूतनीकरणाच्या हप्त्यात मिळणारी सवलत, जी २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत जाते. ती पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याची असते. येथे ती लीज कंपनीची होती, म्हणजे जो बोनस वाचवण्याची लालूच मला दाखवली गेली तो माझा नव्हताच. ‘समोरच्याच्या विम्यातून कॅशलेस’ ही तर शुद्ध थाप आहे. आपल्याकडे समोरच्या वाहनाच्या विमा कंपनीकडून गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी अशा पॉलिसीतली नेहमीची मर्यादा साडेसात लाख रुपयांची असते. पुण्यात त्यासाठी शिवाजीनगरचे न्यायालय गाठावे लागते; गॅरेजच्या काउंटरवर हे काम होत नाही. म्हणूनच बहुतेक लोक गाडी ज्या पॉलिसीवर आहे तिच्यातून दुरुस्ती करून घेतात, आणि पैसे भरणाऱ्या विमा कंपनीला ती रक्कम दोषी वाहनधारकाकडून वसूल करण्याचा हक्क उरतो.

त्या गृहस्थाने हाच हक्क मारला. कोऱ्या जागेत त्याने ‘पावसात गाडी घसरून दुभाजकाला धडकली’ असे लिहिले आणि क्लेम लीज कंपनीच्या पॉलिसीवर लावला. संपर्कासाठी स्वतःचा मोबाइल क्रमांक दिल्यामुळे सगळे संदेश त्याच्याकडे जात राहिले. कागदावर टेम्पोच नसल्याने विमा कंपनी टेम्पोमालकाकडे जाण्याचा प्रश्न उरला नाही. तिकडे टेम्पोमालकाला तो समजुतीचा लेख दाखवून, ‘गाडीवाल्याला पूर्ण भरपाई द्यायची आहे’ असे सांगून त्याने रोख रक्कम घेतली. गॅरेजला विमा कंपनीने परस्पर पैसे दिले ते निराळेच.

हे उघडकीला आले ते अधिकृत वर्कशॉपमधल्या पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी. मागचा पार्किंग सेन्सर बोलत नाही म्हणून मेकॅनिकने बंपर उतरवला. बंपरच्या आतली लोखंडी पट्टी, जी धडकेचा जोर झेलते, ती बिलात नवी होती. प्रत्यक्षात जुनीच पट्टी ठोकून सरळ केली होती, तिच्यावर काळा रंग मारला होता आणि रंगाखाली हातोड्याचे चट्टे बोटाला लागत होते. मागच्या दिव्यावर गाडी बनवणाऱ्या कंपनीचा शिक्काही नव्हता. मी लीज कंपनीला कळवले, तेव्हा त्यांच्याकडे ‘चालकाच्या चुकीने अपघात’ अशी नोंद तयार होती, आणि करारानुसार अनिवार्य वजावट (क्लेममधला विमा कंपनी न देणारा ठरावीक भाग), प्लास्टिकच्या भागांवरचा घसारा (भाग जुना झाल्याबद्दल विमा कंपनी कापते ती रक्कम; तो ५० टक्के असतो) व अस्सल नसलेल्या सुट्या भागांची भरपाई माझ्या पगारातून कापण्याची सूचनाही निघाली.

तोपर्यंत बराच काळ गेला होता. कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली असून ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. ‘फाइल वर गेली आहे, साहेब रजेवर आहेत’ हे त्या गृहस्थाचे गोड उत्तर बहुधा या मुदतीवर डोळा ठेवूनच दिले जात असावे. नारायण पेठेतील विमा लोकपालांचे कार्यालयही माझ्या उपयोगाचे नव्हते, कारण तेथे वैयक्तिक विमाधारकाच्या तक्रारी चालतात आणि येथे पॉलिसी एका कंपनीच्या नावावर होती. एक गोष्ट मात्र लीजवर गाडी वापरणाऱ्याने जरूर लक्षात ठेवावी: कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे लीज कराराखाली ज्याच्या ताब्यात वाहन आहे तो ‘मालक’ धरला जातो. पॉलिसी दुसऱ्याची म्हणून आपला संबंध नाही, असे समजून कागद तिऱ्हाइताच्या हाती सोपवणे त्यामुळेच महागात पडते.

मला हात दिला तो अपघाताच्या जागी काढलेल्या छायाचित्रांनी, ज्यांत टेम्पोची नंबरप्लेट आणि माझा चेपलेला बंपर एकाच चौकटीत आहेत, आणि त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यात करून घेतलेल्या स्टेशन डायरीच्या नोंदीने. टेम्पोमालक भला माणूस निघाला. त्याने समजुतीच्या लेखाची आपल्याकडची प्रत दिली, आणि तिच्यावरची तारीख दुभाजकाच्या गोष्टीला खोटे ठरवायला पुरेशी होती. ही कागदपत्रे मी एकाच दिवशी लीज कंपनी आणि विमा कंपनी या दोघांनाही लेखी पाठवली आणि पोचपावत्या घेतल्या. केवळ लीज कंपनीला कळवले असते, तर क्लेममधले खोटे विधान विमा कंपनीच्या दप्तरी माझ्याच सहीखाली राहिले असते. फसवणुकीचा अर्ज पोलिसांकडे वेगळा दिला.

लीज कंपनीने ‘चालकाची चूक’ ही नोंद काढून टाकली आणि घसाऱ्याची रक्कम मागे घेतली. विमा कंपनीने गॅरेजकडून सुट्या भागांच्या खरेदीची मूळ बिले मागवली, ती गॅरेजला दाखवता आली नाहीत. पट्टी आणि दिवा बदलण्याचा खर्च मात्र माझ्याकडेच राहिला, आणि तो पगारातून हप्त्याने कापला गेला.