टेस्टोस्टेरॉनची मर्यादा की वयात येण्याची अट?

रेशीमबागेत सकाळच्या फेऱ्या संपल्या की तर्री-पोह्याच्या गाडीवर आमचा वाद रंगतो: ट्रान्स महिलांनी, म्हणजे जन्मानं पुरुष पण स्त्री म्हणून जगणाऱ्यांनी, महिला गटात खेळावं का?

जुना नियम सौम्य. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, औषधानं ठरावीक पातळीखाली ठेवा, खेळा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये न्यूझीलंडची वेटलिफ्टर लॉरेल हबर्ड याच वाटेनं आली आणि तिची एकही उचल वैध ठरली नाही. (हे सांगितलं की गाडीवर क्षणभर शांतता.)

नवा नियम कडक. मुलगा म्हणून वयात आलेल्यांना महिला गट बंद. जलतरणाच्या जागतिक संघटनेनं २०२२ मध्ये, ॲथलेटिक्सच्या संघटनेनं २०२३ मध्ये तो स्वीकारला. कारण साधं: औषधानं स्नायू थोडे घटतात, वाढलेली उंची घटत नाही. जनमतही तिकडेच सरकलं. खेळाडूनं जन्मलिंगानुसारच संघ निवडावा म्हणणारे अमेरिकी गॅलपच्या पाहणीत २०२१ मध्ये ६२ टक्के होते, २०२३ मध्ये ६९.

शर्यत सेकंदाच्या शतांशानं ठरते तिथं मला कडक नियमच पटतो. पण वगळलेल्यांचं काय? जलतरणवाल्यांनी २०२३ मध्ये बर्लिनला खुला गट ठेवला. एकही नाव आलं नाही. आणि शाळेच्या खो-खोला हीच चाळणी लावायची म्हणाल, तर राजेहो, आपलं जमणार नाही.