पोटॅशियम उतरलेल्या आईची रुग्णालयातील शुश्रूषा

जुलाबाने गळून गेलेल्या माझ्या ७४ वर्षांच्या आईला गेल्या महिन्यात आमच्या शहरातील एका खासगी रुग्णालयात चार दिवस ठेवावे लागले. पायांच्या सुजेसाठी ती फ्युरोसेमाइड ही लघवीची गोळी घेत होतीच. त्यात जुलाबांची भर पडली आणि रक्तातील पोटॅशियम २.८ वर आले. ते साधारणपणे ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असावे लागते. मी स्वतः तीस वर्षे परिचारिका होते, त्यामुळे येथे डॉक्टरांच्या उपचारांविषयी नव्हे, तर शुश्रूषेविषयीच लिहीत आहे.

रात्रपाळीच्या सिस्टरांचे काम मला मनापासून आवडले. रिपोर्ट हाती येताच सलाईन लावायला न धावता त्या प्रथम आईच्या खाटेशी आल्या. “आजी, माझी बोटं घट्ट दाबा बरं,” असे म्हणत त्यांनी दोन्ही हातांची ताकद पाहिली, पाय उचलायला लावले, पोटऱ्यांत गोळे येतात का, छातीत धडधडते का, हे विचारले. पोट फुगलेले दिसताच स्टेथोस्कोप लावून आतड्यांचा आवाज ऐकला. पोटॅशियम उतरले की आतडीही मंदावतात, हे आमच्या व्यवसायात पुष्कळदा विसरले जाते. नाडी यंत्रावर न विसंबता पूर्ण मिनिटभर मोजली. गोळ्यांची पिशवी उघडून तीत डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध नाही ना, याची खात्री केली, कारण पोटॅशियम कमी असताना त्याची नेहमीची मात्राही बाधू शकते. ईसीजीतील टी लहर चपटी दिसत असल्याचे (ही पोटॅशियम उतरल्याची खूण) त्यांनी डॉक्टरांना कळवले आणि लघवी पुरेशी होत असल्याची नोंद केल्यानंतरच, मॉनिटर लावून, पंपाने ताशी १० मिलिइक्विव्हॅलंट या वेगाने पोटॅशियम सुरू केले.

सकाळपाळीत मात्र घडी विस्कटली. सुईच्या जागी आग होते म्हणून आई कण्हत असताना “पोटॅशियमने होतंच तसं” एवढेच उत्तर मिळाले. आग होते हे खरे. पण शीर लाल होऊन सुजली आहे का, हे पाहायला असा कितीसा वेळ लागतो? मी आग्रह धरल्यावर पाहिले, तेव्हा शीर दोरीसारखी कडक लागत होती, आणि मग सुई दुसऱ्या हाताला लावली गेली.

खोली स्वच्छ होती, जेवण बेताचे. घरी सोडताना पोटॅशियमचे सिरप लिहून दिले, पण ते जेवणानंतर आणि पाण्यात मिसळूनच घ्यायचे, हे कोणीही सांगितले नाही. मला ते ठाऊक होते. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना असे काही लिहून दिले असते, तर त्यांना कोण सांगणार होते? पाचपैकी साडेतीन तारे देते, आणि ते बहुतेक सगळे रात्रपाळीचे आहेत.