ऑटो सीपॅप: आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

ऑटो सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाचा मार्ग उघडा ठेवणारं आणि तो दाब स्वतः कमीजास्त करणारं यंत्र. दाब 4 ते 20 सेंमी पाणी, सोबत हवेला ओलावा देणारा गरम ह्युमिडिफायर. आजार तीव्र स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडणं: तपासणीत तासाला 38 वेळा श्वास अडत होता, 30 च्या वर गेलं की तीव्र धरतात. आठ महिन्यांनंतरचं ठाम मत असं, की यंत्र कुठलं यापेक्षा मास्क कसा बसतो यावर सगळं ठरतं. खरेदी मात्र उलटी होते. यंत्रावर तासभर चर्चा आणि मास्क दुकानात असेल तो.

मास्क बसून लावू नका. आडवं व्हा, यंत्र चालू करा, दाब चढू द्या आणि मग सिलिकॉनची गादी चेहऱ्यापासून जरा पुढे ओढून सोडा. तिची पातळ कड हवेने फुगते आणि तीच चिकटते. पट्टा आवळला की ही कड चुरगळते आणि गळती वाढते. म्हणून फुसफुस ऐकू आली की पट्टा सैल करून मास्क पुन्हा बसवायचा. या यंत्रात गळती मिनिटाला 24 लिटरच्या आत हवी. चेहऱ्यावर क्रीम असेल तर सिलिकॉन सरकतं, आणि मिशा दाट असतील तर नाकाखालून हवा निसटते. डोक्याला खोबरेल लावून झोपणाऱ्यांचे पट्टे लवकर ढिले पडतात. गादी रोज सकाळी सौम्य साबणाने धुवा. मास्कवरची बारीक भोकं उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी असतात, त्यामुळे थंडी कितीही असो, डोक्यावरून पांघरूण नको.

यंत्र 4 ते 20 वर तसंच सोडणं ही फार मोठी चूक आहे. 4 वर अनेकांना हवा पुरत नाही, जीव गुदमरतो, आणि झोपेत अडथळा आला की यंत्र दाब वाढवेपर्यंत तो अडथळा होऊन गेलेला असतो. दोन आठवड्यांची नोंद बघून डॉक्टरांकडून खालची मर्यादा वर घ्या. इथे 95 टक्के वेळ दाब 10.6 च्या आत होता. किमान दाब 7 केल्यावर पहाटेचं दचकून उठणं थांबलं. सकाळी पोट फुगून ढेकर येत असतील तर हवा गिळली जातेय, वरची मर्यादा तपासून घ्या.

ह्युमिडिफायरच्या डबीत डिस्टिल्ड वॉटरच हवं. गाडीच्या बॅटरीचं पाणी नको, ते श्वासासाठी बनलेलं नसतं. एखाद्या रात्री आरओचं उकळून गार केलेलं चालेल, पण रोज वापरलं तर तळाला पांढरा थर धरतो; 1 भाग व्हिनेगर आणि 9 भाग पाण्यात डबी भिजवली की तो निघतो. एसीच्या खोलीत किंवा पुण्याच्या डिसेंबरात नळीत पाणी साचतं आणि मध्यरात्री नाकावर थेंब पडतात. नळीला कापडी खोळ घाला, ओलावा एक-दोन अंकांनी कमी करा आणि यंत्र पलंगापेक्षा खाली ठेवा, म्हणजे पाणी परत डबीत उतरतं. धुळीच्या शहरात फिल्टर महिन्याला बघा, करडा झाला की बदला. वीज गेली की ह्युमिडिफायर बंद करा, इन्व्हर्टर बराच जास्त चालतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. तासाला किती वेळा श्वास अडला, हा सकाळी पडद्यावर दिसणारा आकडा यंत्र हवेच्या प्रवाहावरून काढतं. तुम्ही जागे आहात की झोपलेले हे त्याला कळत नाही, रक्तातला ऑक्सिजनही नाही. आकडा 3 दिसतो आणि तरी रात्री ऑक्सिजन घसरतो, हे सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, सोबत असेल तर होऊ शकतं. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायकांमध्ये तो फार, आणि सोबतचा ॲप्निया नुसतं घोरणं म्हणून सोडून दिला जातो. अशा रुग्णाला रात्री नुसता ऑक्सिजन लावला तर अडथळा तसाच राहतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. सकाळी उठताना डोकं ठणकणं ही त्याची खूण असू शकते. काहींना सीपॅप पुरत नाही, श्वास घेताना आणि सोडताना वेगळा दाब देणारं बायपॅप लागतं. यंत्राच्या नोंदीत मेंदूकडून इशारा न आल्याने थांबणारे श्वास वाढलेले दिसले तर स्वतः दाब वाढवू नका, त्याने ते आणखी वाढू शकतात. सीओपीडी असेल तर मास्क लावून रात्रभराची ऑक्सिमीटर नोंद एकदा घ्या आणि ती नोंद व यंत्राची नोंद एकत्रच डॉक्टरांपुढे ठेवा.