शेवटच्या दिवशी कामाकुरा की नारिता?

मावशी आणि काका पुढच्या महिन्यात संभाजीनगरहून जपानला निघालेत. परतीचं विमान नारिताहून संध्याकाळी ५ला. टोकियोतलं हॉटेल सोडल्यावर मधला वेळ कामाकुराला घालवावा की नारिता गावात, असं मावशीने विचारलं. मी एकदा आईसोबत कामाकुरा केलं, पुढच्या खेपेला बायकोसोबत नारिता. दोन्ही वेळा तो परतीचाच दिवस होता.

मन ओढतं ते कामाकुराकडेच. अमिताभ बुद्धांची तेराव्या शतकातली कांस्यमूर्ती, चौथऱ्यासकट १३ मीटरहून उंच. पूर्वी तिच्यावर लाकडी मंदिर होतं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ते त्सुनामीत वाहून गेलं असं सांगतात, आणि तेव्हापासून मूर्ती उघड्या आभाळाखाली आहे. अजिंठ्याच्या अंधारात डोळे ताणून बुद्ध पाहत वाढलेल्या आपल्याला ते उन्हापावसातलं रूप फार भिडतं. आई वंदना म्हणत उभी राहिली ती अर्धा तास हललीच नाही. जवळच्या हासेदेरा मंदिरात ९ मीटरची लाकडी कान्नोन आहे. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, आपल्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी.

टोकियो स्टेशनहून योकोसुका लाइनने साधारण तासाभरात कामाकुरा येतं. तिथून एनोदेन नावाच्या छोट्या गाडीने तिसरं स्टेशन हासे, पुढे थोडं चालायचं. खरी अडचण परतीची. नारिता विमानतळ टोकियोच्या पार पलीकडे, अडीच तास धरायला हवेत. २ वाजता विमानतळावर पोचायचं तर साडेअकराला निघालंच पाहिजे. मूर्तीचं आवार सकाळी ८ला उघडतं, त्यामुळे कागदावर वेळ बसतो. पण बॅगा घेऊन सकाळच्या गर्दीत गाड्या बदलायच्या, स्टेशनवर रिकामा लॉकर शोधायचा. हासेदेराच्या सज्जातून समुद्र दिसतो, तिथे मी आईला ५ मिनिटंसुद्धा बसू दिलं नाही. ते अजून सलतं.

नारिताला ही धावपळच नाही. सकाळी थेट विमानतळ गाठायचा, सामान ठेवण्याच्या काउंटरवर बॅगा द्यायच्या आणि केईसेई रेल्वेच्या गाडीने दहाएक मिनिटांत गावात यायचं. स्टेशनपासून नारितासान मंदिरापर्यंत सुमारे ८०० मीटरचा जुन्या दुकानांचा रस्ता आहे. मंदिर इ.स. ९४० मधलं. तिथे रोज अग्नी पेटवून ‘गोमा’ करतात, तो शब्द आपल्या ‘होम’वरूनच गेलेला. ढोलाच्या ठोक्यांबरोबर ज्वाळा वर चढतात तेव्हा अंगावर काटा येतो. या रस्त्यावर भाजलेली वाम मासळी प्रसिद्ध आहे, शाकाहारी माणसाचे मात्र हाल. आम्ही उरलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मंदिरामागच्या बागेत बसून खाल्ली.

म्हणून मावशी, शेवटच्या दिवशी नारिताच. कामाकुरा सोडू नका, आदल्या दिवशी बॅगा हॉटेलात ठेवून निवांत करा. ज्यांचं विमान रात्री हानेदाहून, म्हणजे टोकियोच्या दुसऱ्या विमानतळावरून असेल त्यांनी मात्र शेवटच्या दिवशी कामाकुराच धरावं. योकोहामाला गाडी बदलली की हानेदा जवळ पडतं.

आणखी एक. मुंबईत उतरेपर्यंत मध्यरात्र होत आलेली असेल, संभाजीनगरची देवगिरी एक्स्प्रेस तोवर निघून गेलेली असते. तेव्हा सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसचं आरक्षण आत्ताच करून ठेवा, आणि काकांना खिडकी द्या.